मागच्या दाराच्या सिस्टर

"पुढून कशाला? पुढून पाहुणे येतात. घर बघायचंय ना? मग मागून या."

सिस्टरांचं हे पहिलं वाक्य असायचं. ते ऐकून लोक गडबडायचेच. पुण्याहून मुलाकडे आलेले आईवडील, पायांत नवे कोरे बूट, गळ्यात कॅमेरा. पोर्चसमोर उभं राहून "जरा डावीकडे सरक, खांब येऊ दे" असं चाललेलं असायचं. समोर तो काळा-पांढरा बंगला, पांढऱ्या भिंती, काळ्या रंगाचं लाकूडकाम, बांबूच्या कामट्यांचे पडदे, आणि चारी बाजूंना टेकडीच्या उतारावर पसरलेली बाग. त्या सगळ्याकडे पाठ करून ही ठेंगणी, सत्तरीकडे झुकलेली बाई त्यांना मागच्या बोळात घेऊन जायची. काही काका लोक नाराज व्हायचे. त्यांच्या नाराजीची सिस्टरांनी कधी फिकीर केली नाही.

सिंगापूरच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर हा बंगला होता. इंग्रजांच्या काळात कुठल्याशा कंपनीच्या बड्या साहेबासाठी बांधलेला, आता सरकारी बागेचा भाग झालेला. बाग दिवसभर सगळ्यांना खुली, बंगला मात्र ठरलेल्या वेळीच आणि गाइडबरोबरच बघायचा. गाइड सगळे हौशी. इंग्रजीतून दाखवणारे पुष्कळ होते, मँडरिनमधले होते, तमिळमधलेही होते. रविवारी सकाळी मराठीतून बंगला दाखवणाऱ्या मात्र एकट्या सिस्टर.

त्या मूळच्या सांगलीकडच्या. तरुणपणी नर्स म्हणून सिंगापूरला आल्या आणि नोव्हेनातल्या एका इस्पितळात वॉर्डाच्या प्रमुख होऊन निवृत्त झाल्या. लग्नाचं कुणी विचारलं तर "वेळ नाही मिळाला" एवढंच सांगायच्या, आणि तेही घड्याळ बघत. घड्याळ मनगटावर नसायचं. नर्सा लावतात तसं उलटं, छातीवर, पिनेनं टोचलेलं. निवृत्तीनंतरही ते उतरलं नव्हतं. साडी असो, पंजाबी ड्रेस असो, घड्याळ जागच्या जागी.

मी त्यांची भाडेकरू. २०१०नंतरची सुरुवातीची वर्षं होती. मी विद्यापीठात पोस्टडॉक करत होते आणि बुकित बातोकला त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली रिकामी असल्याचं कुणाकडून तरी कळलं होतं. खोली बघायला गेले तर माझ्या नोकरीबद्दल, पगाराबद्दल एक शब्द नाही. माझ्या हातात धुतलेली चादर दिली आणि म्हणाल्या, "घाल बघू." मी घातली. त्यांनी चारी कोपरे उपसले, पुन्हा घातले आणि म्हणाल्या, "पीएचडी झालीस म्हणे? असू दे. शिकशील." खोली मिळाली. माझा पलंग खिडकीशी होता म्हणून त्या दिवसापासून मी "खिडकीकडची" झाले. माझ्या आधीची मुलगी कपाटाकडची होती. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला दोन-एक वर्षं शंका होती.

त्यांच्या घरात "बरं वाटत नाहीये" म्हणायची सोय नव्हती. कुठे, कधीपासून, किती, हे सांगावं लागायचं. एकदा माझ्या बॉसनं मीटिंगमध्ये माझा पार कचरा केला होता आणि मी जेवायला नको म्हणून आडवी पडले होते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय होतंय?"

"काही नाही हो सिस्टर. मूड नाहीये."

"मूड कुठं असतो अंगात? ती जागा दाखव, मी बघते."

मला हसू आलं. जेवले मग. आमटी तिखटजाळ होती, आणि त्यांचं म्हणणं असं की वाईट वाटत असताना रडायला काहीतरी निमित्त पाहिजे. हे त्यांचं औषधशास्त्र.

त्या बंगल्याचा मला सुरुवातीला रागच यायचा. एकदा जेवताना मी बोलून गेले, की साहेबाचं घर, साहेबाचा थाट, पंखा ओढायला आपल्यासारखी माणसं, आणि तुम्ही रविवारची सकाळ घालवून त्याचं कौतुक सांगत फिरता, हे काय आहे? मला वाटलं आता वाद होणार. तयारीतच होते मी. सिस्टरांनी शांतपणे भात कालवला.

"तुझं म्हणणं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ते इथं माझ्यापुढं कशाला सांगतेस? रविवारी येऊन लोकांना सांग की."

अशी मी अडकले. सिस्टर लोकांना मागच्या बाजूला न्यायच्या. धुरानं काळवंडलेलं स्वयंपाकघर, तिथून मुख्य घराकडे जाणारी पत्र्याखालची वाट, तिच्या कडेला नोकरांच्या खोल्या. त्या खोल्यांपाशी पोचलो की त्या बाजूला व्हायच्या आणि म्हणायच्या, "आता ही खिडकीकडची बोलेल. हिला राग येतो, तो ऐका." मग मी बोलायचे. एका खोलीत किती जण झोपत असतील, तिकडे वरच्या मजल्यावर एका माणसासाठी केवढा व्हरांडा होता, सगळं. मी भडकले की त्या मान डोलवायच्या. त्यानंतर मागचं दार यायचं. त्याचा उंबरा जुन्या लाकडाचा, जाड, मधोमध झिजून खोलगट झालेला. तिथे त्या प्रत्येकाला थांबवायच्या. "हे झिजवलंय ते साहेबानं नव्हे. तो पुढून यायचा. ताटं, बादल्या, पोरं घेऊन जे आत-बाहेर करत होते त्यांनी झिजवलंय. घर त्यांनी सांभाळलं. पाय उचलून या आत." आणि मग कुणीही, अगदी नाराज काकासुद्धा, पाय उचलून आत यायचे. सगळे आत गेले की सिस्टर शेवटी वाकून उंबऱ्याला हात लावायच्या. मी समजायचे, नमस्कार करतायत. त्यांच्या गुडघ्यांची मला काळजी वाटायची.

"इथे कुणी मराठी माणूस होता का हो?" हा प्रश्न दर रविवारी यायचा. आपल्या लोकांना जगात कुठेही गेलं तरी एक मराठी माणूस सापडल्याशिवाय चैन पडत नाही. दुसरा कुणी गाइड असता तर एखादा मराठी मुकादम नाहीतर खानसामा रचून मोकळा झाला असता, टाळ्याही मिळाल्या असत्या. सिस्टर म्हणायच्या, "माहीत नाही. माहीत नाही ते मी सांगत नाही." समोरच्याचा चेहरा उतरला की पुढे म्हणायच्या, "पण आता आहे की."

बागेतही त्यांचा कारभार वॉर्डासारखाच. जायफळाचं झाड, दालचिनी, लवंग दाखवायच्या, पण पान चुरगळून वास घ्यायचा तो खाली पडलेल्या पानाचा. झाडावरचं तोडलं की संपलं. एकदा पुंगोलला लेकाकडे राहायला आलेले एक आजोबा बागेत फिरता फिरता मागे राहिले. येऊन बघतो तर चाफ्याखाली उभे, फांदी वाकवलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पूजेची फुलं! पुण्यात पहाटे दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं तोडण्याची आयुष्यभराची सवय, ती काय विमानात बसल्यानं जाते?

सिस्टर त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काका, काय चाललंय?"

"अहो, देवासाठीच घेतोय. चारच आहेत," आजोबा म्हणाले. "आणि बाग तर सरकारी आहे."

"सरकारी म्हणजे कुणाची नाही असं वाटलं काय तुम्हाला? सरकारी म्हणजे तुमच्या सुनेची पण आहे, त्या बाकावरच्या चिनी आजीची पण आहे. तिला विचारून आलात?"

आजोबांनी खरंच त्या बाकाकडे बघितलं. मग फुलं पिशवीतून काढून निमूटपणे बुंध्याशी ठेवली. सून दुसरीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. संध्याकाळी त्याच आजोबांना सिस्टरांनी फोन करून देवाच्या फुलांसाठी चांगलं दुकान सांगितलं. ओरडायचं आणि नंतर विचारपूस करायची, हे त्यांचं जुनं वळण.

हे सगळं मी सांगतेय ते पुढचं कळावं म्हणून. नियम म्हणजे सिस्टरांचा श्वास होता. बंगल्याचा मुख्य नियम असा, की गाइडनं वास्तूला काहीही लावायचं नाही, चिकटवायचं नाही, घालायचं नाही. एका इंग्रजी गाइडनं एकदा भिंतीवर नकाशा चिकटवायला टेप लावली, तर त्याचा गाइडचा बिल्ला काढून घेतला. चांगला माणूस होता. सिस्टर तेव्हा म्हणाल्या होत्या, "गेला ते बरंच झालं."

एके वर्षी बंगल्याची तपासणी झाली आणि शनिवारी दुपारी सगळ्या गाइडांना बंगल्यातल्या जेवणघरात बोलावलं. सिस्टरांची मदतनीस म्हणून मीही गेले. बंगल्याचा कारभार बघणारा अधिकारी मिस्टर लिम, तिशीतला, नेहमी घाईत असलेला, पण मनानं सरळ. त्यानं टेबलावर काचेची एक लहान बरणी ठेवली. तिच्या तळाशी पिवळसर बारीक पूड होती.

"मागच्या दाराच्या उंबऱ्याच्या भेगेतून निघाली," तो म्हणाला. "लाकूड पोखरणारी कीड असणार. ती अशीच पूड टाकते. आतून किती पोखरलंय कल्पना नाही. सोमवारी सुतार येईल आणि उंबरा कापून काढेल. कीड आत पसरली असली तर मागची बाजू पूर्ण बंद ठेवावी लागेल. किती महिने, सांगता येत नाही. तोवर सगळ्यांनी फक्त पुढून दाखवायचं."

मी सिस्टरांकडे बघितलं. घरच्या माणसाचा वाईट रिपोर्ट हातात पडावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. पण प्रश्न मात्र नर्सचेच. "कधीपासून आहे? वाढतंय का? बाकी दारांना?"

"बाकी कुठे नाही, आंटी. फक्त त्याच उंबऱ्याला."

बरणी हातोहात फिरत माझ्याकडे आली. मी झाकण काढलं आणि नाकाशी नेली. पोस्टडॉकची सवय, दुसरं काय. क्षणभर मला कळेना की या जेवणघरात आमच्या स्वयंपाकघराचा वास कुठून आला. मग कळलं. हळद होती ती! जुनी, उडून गेलेली, लाकडाच्या भुशात मिसळलेली, पण हळदच.

दर रविवारी सगळ्यांच्या मागून वाकणाऱ्या सिस्टर माझ्या डोळ्यांसमोर आल्या. नमस्कार नव्हताच तो. दाराचा उंबरा कोरडा ठेवायचा नसतो, म्हणून ही बाई वर्षानुवर्षं पर्समधून चिमूटभर हळद आणून भेगेत घालत होती. कुंकू घातलं नव्हतं, कारण शेजारच्या पांढऱ्या भिंतीला डाग पडला असता. तेवढा विचार केला होता त्यांनी!

मी बरणी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी वास घेतला नाही. दोन बोटांत पूड घेतली, चोळली, आणि पिवळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिल्या.

त्या खोलीत मराठी समजणारं आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. मी भराभर कुजबुजले, "सिस्टर, तुम्ही काही बोलू नका. मी नमुना मागून घेते. लॅबमध्ये बघते आणि कीड नाही एवढंच कळवते. तुमचं नाव कुठेच येणार नाही."

"आणि सोमवारी?"

"थांबवायला सांगू ना."

"तुझा रिपोर्ट येईस्तोवर करवत थांबते काय? जुनं लाकूड एकदा कापलं की कापलं." मग म्हणाल्या, "आणि त्या काकांना चार फुलांसाठी मी सगळ्यांदेखत बोलले होते, गं."

त्या उठून उभ्या राहिल्या. सांगलीचं मराठी आणि वॉर्डातलं इंग्रजी मिसळून त्यांचं एक खास इंग्रजी झालं होतं, त्यात बोलल्या. "मिस्टर लिम, ही कीड नाही. टर्मरिक आहे. हळद. मी घातली."

"यू पुट? फॉर व्हॉट, आंटी?" लिमला काही उमगेना.

"आमच्याकडे घराच्या उंबऱ्याला हळद लावतात. तो बोडका ठेवत नाहीत. दर रविवारी मी थोडी भेगेत घालत होते. दिसू नये अशी घालत होते, म्हणजे चूक आहे हे मला ठाऊक होतं. लाकूड चांगलं आहे. ते कापू नका."

टेपवाल्या गाइडची गोष्ट सगळ्यांना आठवत असणार.

"पण आंटी," लिम हळू आवाजात म्हणाला, "हे तुमचं घर नाही."

"पेशंटसुद्धा माझा नसतो," सिस्टर म्हणाल्या. "ड्यूटी माझी असते."

एवढं बोलून त्यांनी छातीवरचा गाइडचा बिल्ला स्वतःच काढला आणि टेबलावर बरणीशेजारी ठेवला. लिमनं तो लगेच उचलला नाही. मग म्हणाला, "सॉरी, आंटी. रूल इज रूल."

"ऑफ कोर्स, लाह," सिस्टर अगदी सिंगापुरी ढंगात म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मला त्या वेळी त्यांचा जो अभिमान वाटला, तो मला माझ्या पदवीच्या दिवशी स्वतःचाही वाटला नव्हता. रडूही येत होतं आणि ओरडून सांगावंसंही वाटत होतं, की ही बाई माझ्या घरची आहे, मी हिच्या घरात राहते, हिनं मला चादर घालायला शिकवलंय. यातलं काहीच बोलले नाही. बसमध्ये परत जाताना मी लिमला दोन शिव्या घातल्या तेवढ्या. सिस्टरांनी मला झापलं. "मी त्याच्या जागी असते तर मीसुद्धा काढून घेतला असता. त्या टेपवाल्याचा घेतला, मग माझा का नको? पोरगा बरोबर वागलाय. त्याला शिव्या घालायच्या नाहीत."

हळद असली तरी लाकडाची खात्री करायला लिमनं सुताराला बोलावलंच होतं. सोमवारी मी रजा टाकून सिस्टरांबरोबर गेले. करवत लागू नये म्हणून त्या स्वतः दारात उभ्या राहणार होत्या, आणि त्या उभ्या राहिल्या तर त्यांना हलवायला कुणाला जमलं नसतं. पण तशी वेळ आली नाही. सुतार म्हातारा चिनी होता. त्यानं आधी करवत खाली ठेवली. उंबऱ्यावर हातोडीनं जागोजाग टकटक करून कान लावून ऐकलं. भेग ब्रशनं साफ केली, एका कोपऱ्यात बारीक भोक पाडून आतलं लाकूड बघितलं. मग आतल्या बाजूनंही बघायचं म्हणून तो उठला, आणि उंबऱ्यावर पाय न देता, गुडघा चांगला वर उचलून पलीकडे गेला. सिस्टरांनी ते बघितलं. लिमनंही बघितलं.

"माझी आजी देवळात पाय ठेवू द्यायची नाही उंबऱ्यावर," लिम पुटपुटला. "थोबाडीत द्यायची."

"शहाणी होती," सिस्टर म्हणाल्या.

सुतार आतून होक्कियन या चिनी बोलीत काहीतरी बोलला आणि हसला. सिस्टर पण हसल्या. त्यांना होक्कियन कळायचं, पेशंटांकडून शिकल्या होत्या. मला म्हणाल्या, "लाकूड धडधाकट आहे म्हणतोय. आपल्या दोघांपेक्षा जास्त टिकेल म्हणतोय." उंबरा राहिला. मागची बाजू उघडी राहिली. आणि सिस्टरांचा बिल्ला लिमच्या खणात राहिला.

मराठी रविवार माझ्या गळ्यात पडला. परीक्षा देऊन मी बिल्ला मिळवला, आणि मी मागूनच सुरुवात करत असे. सिस्टर बागेत यायच्या. बाग सगळ्यांची, तिथे त्यांना कोण अडवणार? मागच्या वाटेच्या टोकाला दगडी पायरी होती, तिच्यावर बसून राहायच्या. माझं बोलणं त्यांना ऐकू जायचं. चुकले की घरी गेल्यावर कळायचं. बिल्ल्याशिवाय कुणाला बंगला दाखवायचा नाही हा नियम त्यांनी असा पाळला, की कुणी बंगल्याबद्दल साधं काही विचारलं तरी माझ्याकडे बोट दाखवायच्या. उंबऱ्याला हात लावणं तर सोडूनच दिलं होतं.

मी सिंगापूर सोडायच्या आधीचा एक रविवार. आदल्या रात्रीपासून पाऊस लागला होता आणि सकाळी जरा उघडला होता. माझ्या गटातलं कुणीच आलं नाही. मी आणि लिम मागच्या व्हरांड्यात उभे होतो. सिस्टर पायरीवर प्लॅस्टिक अंथरून बसल्या होत्या. एवढ्यात एक वयस्कर बाई आल्या, नऊवारी नेसलेल्या, एकट्या. लेक-जावई खाली गाडी लावत होते म्हणे. बंगल्याकडे बघून त्या घाबरल्यासारख्या थबकल्या आणि सिस्टरांना विचारलं, "अहो, तुम्ही इथल्या का?"

मी पुढे होणार होते. बिल्ला माझ्याकडे होता. पण का कोण जाणे, थांबले.

सिस्टरांनी आमच्याकडे बघितलं नाही. त्या बाईंकडेच बघत होत्या.

"मला आत जायला चालेल ना?" बाई म्हणाल्या. "एवढं मोठं घर. मला आपलं भीतीच वाटते."

सिस्टर उठल्या. साडी झटकली. "भ्यायचं काय त्यात? या," म्हणाल्या. "इकडून या. सांभाळून, उंबरा आहे."

बाईंचा हात धरून त्या त्यांना आत घेऊन गेल्या. बिल्ला नव्हता, परवानगी नव्हती, काही नव्हतं. आतून त्यांचा आवाज येऊ लागला.

मी लिमकडे बघितलं. नियम त्यालाही ठाऊक होता, मलाही. त्यानं घसा साफ केला, बाजूची झारी उचलली आणि म्हणाला, "झाडांना पाणी घालून येतो."

रात्रभर पाऊस झाला होता. बागेत पावलोपावली डबकी साचली होती. तो अगदी टेकडीच्या खालपर्यंत गेला, आणि बराच वेळ पाणी घालत राहिला.